अप्पांच्या जीपचं स्टिअरिंग

मी गाडी शिकले ती अप्पांच्या जीपवर. स्टिअरिंग चार बोटं डावीकडे फिरवायचं, काहीच होत नाही. मग आणखी दोन बोटं, आणि तेव्हा कुठे नाक वळायला लागतं. सरळ रस्त्यावरही हात स्थिर म्हणून ठेवायचा नाही, थोडं इकडे, थोडं तिकडे करत राहायचं. मला वाटायचं, जीप अशीच चालते. अप्पांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही, कारण ती त्यांच्याच हाताखाली वर्षागणिक थोडी थोडी ढिली होत गेली होती आणि त्यांचे हातही तिच्याबरोबर बदलत गेले होते.

कळलं ते यंदा. कच्च्या उतारावर, पंचावन्नच्या वेगात, डावं चाक एका खड्ड्यात आपटलं आणि पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागली. स्टिअरिंग हातांतून सुटू पाहत होतं, समोरचा वेगाचा काटा कुठे आहे ते दिसत नव्हतं. हळूहळू ब्रेक दाबत वेग पंचविसाच्या खाली आणला तेव्हा सगळं एकदम शांत झालं. शेजारी अप्पा बसले होते. ते एवढंच म्हणाले, "हे आता बघायला पाहिजे गं."

या थरथरीला मेकॅनिक शिमी म्हणतात. अखंड ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकांमध्ये एकच सलग ॲक्सल असलेल्या गाडीत पुढची दोन्ही चाकं टाय रॉड या एकाच आडव्या दांड्याने एकमेकांना बांधलेली असतात. एका चाकाला धक्का बसला की सांध्यांत जेवढी ढिलाई असेल तेवढं ते मोकळं हलतं, रस्ता त्याला परत ओढतो, ते पलीकडे जातं, आणि एखाद्या ठरावीक वेगाला हे हेलकावे विरण्याऐवजी वाढत जातात, झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळावा तसे. आमच्या गाडीला ते विरवणारा स्टिअरिंग डॅम्पर होता, पण त्यातलं तेल केव्हाच गळून गेलं होतं. पहिला मोह होतो तो हाच बदलण्याचा. नवा डॅम्पर घातला असता तर थरथर बहुधा थांबली असती आणि त्याच्याआड झिजलेले सांधे तसेच झिजत राहिले असते. म्हणून मी जुना डॅम्पर काढून ठेवला आणि ठरवलं, त्याच्याशिवाय गाडी सरळ चालेपर्यंत नवा लावायचा नाही.

गाडीची रचना आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पुढे-मागे अखंड ॲक्सल, खाली कमानपाटे, पॉवर स्टिअरिंग नाही. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला स्टिअरिंग बॉक्स, तो चासीला बोल्टने बसवलेला. बॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर ड्रॉप आर्म. ड्रॉप आर्मपासून एका चाकाच्या आर्मपर्यंत ड्रॅग लिंक, आणि तिथून दुसऱ्या चाकापर्यंत टाय रॉड. ड्रॅग लिंकला दोन बॉल जॉइंट, टाय रॉडला दोन. शिवाय ज्यांच्यावर चाकं डावी-उजवीकडे वळतात ते दोन्हीकडचे किंगपिन, चाकांचे बेअरिंग, पाट्यांचे बुश. माझ्या हाताची हालचाल चाकापर्यंत पोचायला एवढ्या सांध्यांतून जाते, आणि प्रत्येक सांधा आपला वाटा कापून घेतो. मोजून पाहिलं तर स्टिअरिंगच्या कडेवर ७ सेंटिमीटर हालचाल अशी होती की तिने चाकं जागची हलतच नव्हती.

ही ढिलाई शोधायची तर गाडी उचलायची नाही, हे मला अप्पांनी सांगितलं. चाकं जमिनीवर, गाडीचं पूर्ण वजन टायरवर, इंजिन बंद. वर बसलेल्याने स्टिअरिंग दहा-दहा सेंटिमीटर डावी-उजवीकडे हलवत राहायचं, भरभर नाही, लयीत. खालच्याने एकेका सांध्यापाशी जायचं. अप्पांच्या गुडघ्यांना आता जमिनीवर लोळणं झेपत नाही, म्हणून ते वर आणि मी खाली.

"अप्पा, थोडं हळू."

"एवढं?"

"हां, असंच. थांबू नका."

डोळ्यांनी बघून भागत नाही. बोट सांध्यावर आडवं ठेवायचं, अर्धं सॉकेटवर आणि अर्धं ज्या आर्ममध्ये सांध्याची पिन बसली आहे त्या आर्मवर. दोन्ही भाग एकत्र हलले तर सांधा ठीक. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला, तर बोटाखाली बारीक पायरी जाणवते. ड्रॅग लिंकचा ड्रॉप आर्मकडचा सांधा तर बोट लावायच्या आधीच दिसला. प्रत्येक फेरीला पिन सॉकेटमध्ये वर उचलली जाऊन खट्कन खाली बसत होती. टाय रॉडचं उजवं टोक बोटाला कळलं. डावं टोक घट्ट होतं, पण त्याचं रबर बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी आवरण, फाटलेलं आणि आतलं ग्रीस वाळू मिसळून करड्या लुकणासारखं झालेलं. चौथा सांधा लांबीच्या दिशेने किंचित सरकत होता.

इथे एक फसगत टाळा. रॉड हातात धरून पिळला की तो स्वतःभोवती थोडा गोल फिरतो. ते चालतं. तेवढी मोकळीक नसेल तर एक चाक वर आणि एक खाली गेल्यावर सांध्यांनी वाकायचं कुठे? वर-खाली किंवा लांबीत हलला, तर मात्र तो गेला.

मग पुढचा ॲक्सल उचलून घोड्यांवर, म्हणजे पक्क्या स्टँडवर, ठेवला. सपाट टणक जमीन, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आणि वजन जॅकवर नव्हे तर घोड्यांवर. जॅक फक्त उचलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. घाई असली तरी नाही, एक मिनिटाचं काम असलं तरी नाही. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं की टाय रॉडची ढिलाई कळते. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं की बेअरिंगची किंवा किंगपिनची. या दोघांतलं कोण, हे ओळखायची अप्पांची रीत मला फार आवडली: ते आत बसून ब्रेक दाबून धरायचे. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग ढिलं, कारण ब्रेकने चाक आणि त्यामागचा भाग एकत्र जखडला जातो. तरीही हलत राहिलं तर किंगपिन. आमच्या डाव्या चाकाचं हलणं ब्रेकने थांबलं, उजव्याला फारसं काही नव्हतं. बेअरिंगचा नट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे नीट बसवला, तेवढ्याने काम झालं.

चारही जॉइंट बदलायचे ठरवले. तीन गेलेले आणि उरलेल्या एकाचं बूट फाटलेलं. त्या एकासाठी पुन्हा हे सगळं खोलण्यात अर्थ नव्हता.

काढणं हेच खरं काम असतं. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने सगळे आटे घासून घेतले, गंज सोडवणारं तेल मारलं, सकाळी पुन्हा मारलं. नट फिरून सैल होऊ नये म्हणून त्यात आडव्या घातलेल्या स्प्लिट पिना पाण्या-चिखलात इतक्या वर्षांनी नटाशी एकजीव होतात. दोन चिमट्याने ओढून निघाल्या, एक पक्कडीत तुटली आणि चौथी ३ मिलिमीटरच्या ड्रिलने पोखरून काढावी लागली. नट सैल केले, पण पूर्ण काढले नाहीत. पिनेच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंतच फिरवले, म्हणजे सांधा सुटताना रॉड तोंडावर पडत नाही.

नट सैल झाला म्हणून सांधा सुटत नाही. त्याची पिन निमुळती असते, आर्ममधलं छिद्रही तसंच निमुळतं. बऱ्याच गाड्यांत हा उतार आठास एक असतो, म्हणजे ८ मिलिमीटर लांबीला जाडीत १ मिलिमीटरचा फरक. पाचरीसारखी पिन छिद्रात रुतून बसते, आणि गाडीचा सगळा भार ती रुतलेली पकडच पेलते. नटाचं काम फक्त तिला खेचून धरण्याचं. म्हणून पिनेच्या टोकावर हातोडा मारून उपयोग नाही. टोक फुगतं, आटे बिघडतात, पाचर सुटत नाही. मारायचं ते आर्मच्या डोळ्याच्या, म्हणजे छिद्राभोवतीच्या कड्याच्या, बाजूवर. एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि बरोबर समोरच्या बाजूला दुसऱ्या हातोड्याने जोरात, एकच, नेमका घाव घालायचा. क्षणभर तो डोळा लंबवर्तुळ होतो आणि पाचर सुटते. टाय रॉडचं उजवं टोक तिसऱ्या घावाला सुटलं. तो आवाज वेगळा असतो, लोखंडावर लोखंड आपटल्याचा नाही, काहीतरी मोकळं झाल्याचा. वर उभे असलेले अप्पा लगेच म्हणाले, "सुटला."

डावं टोक हातोड्यांना बधलं नाही. तिथे दोन दातांचा फाटा सांध्यात ठोकून पाचर उचलली. फाट्याने रबर बूट फाटतं, त्यामुळे जो सांधा पुन्हा वापरायचा आहे त्याला तो लावू नये. ड्रॉप आर्मकडच्या सांध्याला मी हातोडा लावलाच नाही. तिथला प्रत्येक घाव आर्ममधून थेट स्टिअरिंग बॉक्सच्या आत जातो, जिथे पोलादी गोळ्या आणि दाते आहेत. त्याला पुलर, म्हणजे सांधा ओढून सोडवणारं हत्यार, लावला, ताण दिला, चहूबाजूंनी तेल मारलं आणि जेवून आले. परतले तेव्हा सांधा आपोआप सुटून पुलरमध्ये लटकत होता.

टाय रॉडची दोन टोकं नळीतून काढताना एक गोष्ट आधी बघा: एका टोकाचे आटे सरळ आणि दुसऱ्याचे उलटे असतात. ही सोय मुद्दाम केलेली आहे. दोन्ही टोकं गाडीला जोडलेली असताना मधली नळी फिरवली की दोन्ही बाजू एकदमच आत ओढल्या जातात किंवा बाहेर ढकलल्या जातात, आणि काहीही न खोलता रॉडची लांबी बदलते. पण गंजलेल्या नळीपुढे बसून जोर लावताना हे ध्यानात राहत नाही. मी डावं टोक नेहमीच्या दिशेने सोडवायला गेले, पाना जरा सरकला आणि थांबला. अप्पांनी खांद्यावर हात ठेवला. "आट्यांचा उतार बघ." बाहेर दिसणाऱ्या आट्यांवर टॉर्च मारली तर उतार उलटा. मी ते टोक आणखी घट्ट करत होते. क्लॅम्प काढले, नळीची चीर छिन्नीने केसभर उघडली, दोन दिवस तेल मुरू दिलं, मग लांब पान्याने ते फिरलं. आतून तपकिरी भुकटी पडली. नळी आतून घासून साफ केली, आट्यांना भरपूर ग्रीस लावलं. पुढच्या वेळी ज्याला कुणाला हे खोलावं लागेल त्याला तेल मुरायची वाट बघावी लागू नये.

नवे जॉइंट बसवताना अनेक जण जुन्याचे बाहेर दिसणारे आटे मोजून नव्याचेही तेवढेच बाहेर ठेवतात. मीही मोजले होते, तेरा. पण नव्या जॉइंटचा दांडा जुन्यापेक्षा काही मिलिमीटर आखूड निघाला, आणि तेरा आट्यांवर रॉड चुकीच्या लांबीचा झाला असता. म्हणून मोजायचं ते पिनेच्या केंद्रापासून पिनेच्या केंद्रापर्यंत. हे काढण्याआधीच मोजून लिहून ठेवलं होतं, ते कामाला आलं. दोन्ही टोकं नळीत सारखीच आत जायला हवीत, आणि आटे क्लॅम्पखालच्या चिरेच्या पलीकडे पोचायला हवेत. नाहीतर रॉड मोजक्या दोन-चार आट्यांवर लटकत राहतो.

आर्ममधली निमुळती छिद्रं कोरड्या फडक्याने पुसून घेतली. तिथे ग्रीस लावायचं नाही, ती पकड कोरडीच हवी. मग नव्या पिनेवर मार्करने उभ्या चार रेघा ओढल्या, पिन छिद्रात दाबून जराशी फिरवली आणि काढून पाहिली. चारही रेघा वरपासून खालपर्यंत पुसट झाल्या तर पिन सगळीकडून टेकते आहे. एका बाजूच्याच पुसल्या गेल्या तर छिद्र लांबट झालंय, आणि मग नवा जॉइंट घालूनही तो काही दिवसांत हलायला लागणार. तिथे आर्मच बदलावा लागतो. जुना सांधा ढिल्या नटावर बरेच दिवस चालला असेल तर हे होतं. आमची चारही छिद्रं चांगली निघाली. ही पाच मिनिटांची तपासणी मी कधीच सोडणार नाही.

नट आवळताना दोनदा पिनच नटाबरोबर गरगर फिरायला लागली. तेव्हा खालून जॅकने सांधा अलगद वर दाबला, पाचर रुतली आणि नट बसला. पुस्तिकेत दिलेल्या मापावर टॉर्क पान्याने आवळायचा, मग नटाची खाच आणि पिनेतलं छिद्र जुळवायला लागलं तर नट पुढेच न्यायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. मागे घेतला की ती पकड सैल होते आणि बाकीचं सगळं व्यर्थ. स्प्लिट पिना नव्याच, जुन्या सरळ करून वापरायच्या नाहीत. ग्रीस गनने बूट फुगायला लागेपर्यंतच ग्रीस भरलं. त्यापुढे एक पंप जास्त झाला तर नवं बूट फुटतं.

यानंतर टो. दोन्ही पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असावी लागतात. गाडी चालताना रस्त्याचा रोध त्यांना बाहेर उघडू पाहतो, आणि सांध्यांतल्या थोड्या मोकळिकीमुळे ती उघडतातही. आधीच जरा आत ठेवली की धावताना समांतर येतात. आमच्या टायरवरून तळहात आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत आणि परतताना करवतीसारखं लागत होतं. टो चुकल्याची ती खूण.

मोजायला यंत्र लागत नाही. चाक उचललेलं असताना टायरवर खडू फासला, लाकडाच्या ठोकळ्यावर खिळा टेकवून चाक फिरवलं, की टायरभर केसासारखी बारीक रेघ उमटते. टायरच्या नक्षीवरून मोजण्यापेक्षा ही रेघ कितीतरी भरवशाची. मग गाडी खाली घेऊन चार-पाच मीटर पुढे ढकलली, म्हणजे सगळं आपापल्या जागी बसतं. मागे ढकलली तर ढिलाई उलट दिशेला जाते आणि माप खोटं येतं. आता दोन रेघांमधलं अंतर टायरच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला, दोन्हीकडे ॲक्सलच्या उंचीवर मोजायचं. मागच्या बाजूने टेप सरळ जात नाही, मध्ये इंजिनचा तळ येतो. अप्पांनी त्यांचा जुना ओळंबा काढून दिला. रेघेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि अंतर जमिनीवरच मोजलं. पुढचं अंतर ७ मिलिमीटरने जास्त होतं, म्हणजे चाकं बाहेर उघडलेली. नळीच्या पाव वळशाला टायरवर साधारण साडेतीन मिलिमीटर फरक पडत होता. थोडं फिरव, गाडी ढकल, पुन्हा मोज, असं करत पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ मिलिमीटरने कमी आणलं, पुस्तिकेतल्या मापाइतकं.

गाडीखाली बसलात तर दोन्ही चाकांचे आर्म सरळ मागे न जाता जरा आत वळलेले दिसतील. त्यांच्या रेषा मनात वाढवत नेल्या की त्या मागच्या ॲक्सलच्या मध्याजवळ भेटतात. त्यामुळे वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. ही युक्ती घोडागाड्यांच्या काळातली, म्युनिकच्या लांकेन्सपर्गर यांची. त्यांच्या वतीने लंडनमध्ये रुडॉल्फ अॅकरमन यांनी १८१८ साली पेटंट घेतलं आणि नाव अॅकरमनचं राहिलं. वाकलेला म्हणून कुणी तो आर्म सरळ करायला जाऊ नये, यासाठी हे सांगितलं.

क्लॅम्प आवळले, त्यांचे बोल्ट पाट्यांना घासणार नाहीत असे वळवून ठेवले, आणि गाडी बाहेर काढली. पहिल्याच वळणावर फरक कळला. पण सरळ रस्त्यावर हात अजूनही हलत होता. परत येऊन मोजलं तर ७ सेंटिमीटरचे ४ झाले होते. चार नवे सांधे घालून चार सेंटिमीटर शिल्लक, हे मला सहन होईना. संध्याकाळभर खाली पडून प्रत्येक सांध्यावर पुन्हा बोट फिरवलं, एकातही पायरी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जागा बदलल्या. मी आत बसून स्टिअरिंग हलवत होते आणि अप्पा बॉनेट उघडून उभे होते. दोनच फेऱ्या झाल्या असतील.

"अगं, बॉक्सच हलतोय."

मी उतरून पाहिलं. स्टिअरिंग फिरवलं की ड्रॉप आर्म हलायच्या आधी अख्खा बॉक्स चासीवर कलत होता. मी आधी सांधे तपासले होते, बॉक्स ज्यावर उभा आहे ती जागा तपासलीच नव्हती. चिखलाचा थर खरवडून तारेचा ब्रश मारला, तेव्हा एका बोल्टच्या छिद्रापासून निघालेली सुमारे ४ सेंटिमीटरची भेग दिसली. जुन्या, रस्ता सोडून चालवलेल्या गाड्यांत ही जागा नेहमी बघावी. प्रत्येक दगडावरचा धक्का चाकातून, ड्रॅग लिंकमधून याच चार बोल्टांवर येतो, आणि एक जरी सैल पडला तरी उरलेल्यांभोवतीचा पत्रा वाकून वाकून फाटतो.

चासीचं वेल्डिंग मी घरी करत नाही. मला पत्र्याचं साधं वेल्डिंग येतं, पण हा जोड सुटला तर स्टिअरिंगच सुटतं. बॉक्स उतरवला, बॅटरी काढली आणि ज्यांचं आयुष्य चासी जोडण्यात गेलं आहे अशा कारागिराकडून ते करून घेतलं. त्यांनी भेगेच्या टोकाला छिद्र पाडून ती पुढे सरकायची थांबवली, भेग खोल घासून भरून काढली आणि वरून जाड पट्टी चढवली. नवे बोल्ट घातले.

बॉक्स बाहेर होताच, तर त्याची ढिलाई पण बघितली. या प्रकारच्या बॉक्समध्ये वर एक स्क्रू आणि लॉक नट असतो. स्क्रू आत नेला की दाते एकमेकांत जास्त रुततात. लोक ढिलाई दिसली की आधी हाच स्क्रू पिळतात, आणि माझी सगळ्यात कळकळीची विनंती हीच की तसं करू नका. दात्यांची सर्वांत घट्ट जागा बरोबर मध्यावर असते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. सांध्यांची ढिलाई या स्क्रूने भरून काढायला गेलात तर मध्यावर स्टिअरिंग अडकायला लागतं, वळणातून आपोआप परत येत नाही, आणि बॉक्स आतून खाल्ला जातो. सगळे सांधे, सगळे बोल्ट झाल्यावर, शेवटी, लॉक नट सैल करून स्क्रू अष्टमांश वळसाच फिरवायचा आणि हाताने दोन्ही बाजूंना फिरवून बघायचं. मला एकदाच फिरवावा लागला.

बॉक्स परत बसवल्यावर त्याचा मध्य शोधायला ड्रॅग लिंक सोडून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवलं, टोकाला आपटू न देता. साडेचार वळसे झाले. सव्वादोन वळसे परत आणलं, तो मध्य. चाकं सरळ ठेवली आणि ड्रॅग लिंकची लांबी अशी जमवली की ती ताण न देता आपल्या छिद्रात उतरली. स्टिअरिंगच्या काड्या वाकड्या दिसतात म्हणून काही जण नुसतं स्टिअरिंग उपसून सरळ बसवतात. दिसायला सरळ होतं, पण बॉक्स मध्यावर राहत नाही आणि गाडी कायम सैल जागेवर चालते.

आता गाडी चाचपडत नव्हती, पण वळणातून स्टिअरिंग सोडलं तर ते आळसटल्यासारखं परत येत होतं. हे अप्पांनी स्वतःच ओळखलं. वीसेक वर्षांपूर्वी खडकाळ वाटांसाठी गाडी उंच करायला त्यांनी पुढे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या, लावले होते. आमच्या गाडीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब झालं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल नाकावर झुकतो आणि किंगपिनचा मागे कललेला कोन, कॅस्टर, कमी होतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, हात सोडूनही सरळ जायला तिला त्याची मदत होते; इथेही तोच प्रकार. पुस्तिकेत ३ अंश, आमच्याकडे जेमतेम १ भरला. शिवाय उंचीमुळे ड्रॅग लिंक तिरपी झाली होती आणि पाटा दबला की चाक आपलं आपणच थोडं वळत होतं.

"काढ ते," अप्पा म्हणाले. "जुने माळ्यावर आहेत." मूळ शॅकल त्यांनी तेलकट कापडात गुंडाळून जपून ठेवले होते. शॅकल बदलल्यावर ॲक्सल फिरला, म्हणून टो आणि ड्रॅग लिंक दोन्ही पुन्हा जमवावं लागलं. उंची आणि पाट्यांचं काम आधी, मग मध्य, मग टो, हा क्रम मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

त्याच उतारावर पुन्हा गेलो. डॅम्पर अजून नव्हता. आधी तीसने, मग चाळीसने, मग पंचावन्नने तो खड्डा मुद्दाम चाकाखाली घेतला. धक्का बसला, स्टिअरिंगला एक झटका आला आणि तिथेच संपला. कडेवरची मोकळी हालचाल दीड सेंटिमीटर. नवा डॅम्पर त्यानंतर लावला.

परतताना अप्पांनी चालवायला घेतली. सुरुवातीला गाडी नागमोडी जात होती. त्यांचे हात सवयीने चार बोटं फिरवत होते आणि गाडी आता तेवढं सगळं ऐकत होती. अर्ध्या रस्त्यात हात हळूहळू थांबले. अंगठे मात्र नेहमीसारखे कडेच्या बाहेर, कारण दगडावर झटका आला तर आत घातलेला अंगठा काडीत सापडतो. मलाही शिकवताना त्यांनी पहिल्यांदा तेच सांगितलं होतं.

शंभर किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासले. प्रत्येक नटावर आणि आर्मवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली होती, ती कुठेही तुटलेली नाही. उजव्या चाकाला बारा-सहाच्या जागी नखभर हलणं आहे, आणि ब्रेक दाबून ते थांबत नाही. किंगपिनचं सामान मागवलं आहे.